शेवटचं आधी

सत्यवान परब दशावतारी कंपनीत बायकांची सोंगं घ्यायचा. नाव सत्यवान आणि रंगवायची सावित्री, म्हणून गावाने त्याची जन्मभर थट्टा केली. तोही हसायचा. पण अठ्ठावन्न साली त्याचा घसा बसला तो सुटेचना. डॉक्टरांनी सांगितलं, अजून दोन हंगाम असाच गायलास तर आवाज कायमचा जाईल. त्याच वर्षी गावात टपाल वाटायची जागा निघाली. अट एकच, सातवी पास. सत्यवान सहावीतून पळून कंपनीत गेलेला. त्याची बायको तुळसा माझ्या दारात येऊन उभी राहिली. "मास्तरानू, ह्येंका पास करा. माका दुसरा काय एक नको."

मी गावच्या शाळेचा मास्तर, आणि तिरसट म्हणून पंचक्रोशीत माहीत. तरी शिकवायला घेतलं. भाषा, इतिहास त्याने नाटकातल्या भाषणासारखा घटाघटा पाठ केला. गाडं अडलं ते उलट्या गणितांवर. एका संख्येची दुप्पट केली, त्यात दहा मिळवले, सहाने भागलं, उत्तर चार आलं, तर ती संख्या कोणती?

गुणाकार मोडायला भागाकार, बेरीज मोडायला वजाबाकी, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. पण मोडायला बसायचा तो पहिल्यापासून. चाराचे निम्मे दोन, आणि मग माझ्याकडे बघायचा. "दोनातसून धा कशे काढू, मास्तरानू?"

दहादा सांगितलं, दहाही वेळा तेच. शेवटी माझा तोल गेला. "उद्या सकाळी आठला आला नाहीस तर पुन्हा येऊ नकोस," म्हटलं. त्याच रात्री आमच्याच देवळाची जत्रा, त्याचं रात्रभर नाटक. रागात मी तेही विसरलो होतो.

सकाळी आठवलं तेव्हा लाज वाटली आणि मीच देवळाकडे गेलो. नाटकाच्या शेवटी पहाटे होणारा दहीकाला नुकताच आटोपला होता. मागच्या पडवीत सत्यवान माझ्या धाकाने घाईघाईत वेश उतरवत होता. आधी लुगडं नेसायचं, त्यावर कमरपट्टा, पट्ट्यावरून शेला, असा त्याचा वर्षानुवर्षांचा क्रम. आणि हा गडी शेला, पट्टा तसेच ठेवून खालचं लुगडं ओढत होता! निऱ्या पट्ट्यात अडकल्या. राजाचं काम करणारा शिवा ओरडला, "रे, आदी शेलो सोड! मगे पट्टो!"

सत्यवानाचा हात थांबला. त्याने शेला सोडला, पट्टा काढला, लुगडं आपोआप ढिलं झालं. मग तो माझ्याकडे वळला, तोंडावर अर्धा रंग तसाच. "मास्तरानू, मी सगळी गणितां लुगड्यापासून सोडवित इलंय! सहान भागला ता शेवटाक. म्हणजे आदी सहान गुणूचा. चोवीस. धा गेले, चौदा. निम्मे सात!"

मी त्याला तिथेच मिठी मारली. माझ्या सदऱ्याला रंग लागला तो लागलाच.

एप्रिलात मालवणला परीक्षा. फाटकाबाहेर मी येरझाऱ्या घालत होतो. सत्यवान सगळ्यांत शेवटी बाहेर आला. म्हणाला, उलटं गणित आलं होतं. तीनने गुणून, नऊ मिळवून, सहाने भागलं तर सात. "अकरा लिवलंय."

मी मनात करून बघितलं. सात सक बेचाळीस, तिसरा हिस्सा चौदा, नऊ वजा, पाच. तुळसाला काय तोंड दाखवायचं?

"अकरा नाही रे, पाच," मी कसंबसं म्हटलं.

तो घाबरला नाही. बोटांवर मोजत पहिल्यापासून चढवत गेला. "अकरा त्रिक तेहतीस. नऊ घातले, बेचाळीस. सहान भागले, सात. बरोबर आसा, मास्तरानू. तुमी पट्टो सोडूच्या आदी लुगड्याक हात घातलास."

मी नऊ काढायच्या आधीच तीनने भागलं होतं! चुकल्याचा एवढा आनंद मला आयुष्यात कधी झाला नव्हता. रस्त्याच्या कडेला मटकन बसलो आणि हसत सुटलो.

जूनमध्ये निकाल लागला. मी स्वतः सांगायला गेलो. पास म्हटल्यावर तुळसा उंबऱ्यावरच बसली, डोळ्यांना पदर लावला. मग नवऱ्याकडे बघून म्हणाली, "आता माझ्यासंगती बोलाक तुमचो आवाज उरतलो."