गोऱ्याची कॅसेट आणि शेवटचा चमचा

माझ्या थोरल्या भावाला कमी ऐकू येतं, हे त्याच्याशिवाय सगळ्यांना ठाऊक होतं. तेहतीस वर्षं झाशीत रेल्वेच्या डिझेल शेडमध्ये इंजिनांच्या शेजारी उभं राहून काम केल्यावर दुसरं काय होणार? वहिनीने बोलणं सोडून हातवाऱ्यांवर संसार चालवला होता. ते त्यांचं त्यांनी बघावं. पण निवृत्त झाल्यावर दादा दर आठवड्याला स्कूटर काढून मोठ नावाच्या गावी, मुलाच्या घरी जायला लागला. कानपूर रोडने, ट्रकांच्या पुढेपुढे. एकदा एका ट्रकवाल्याने त्याला गाठून विचारलं, "बाबूजी, कब से हॉर्न दे रहे हैं, कान में रुई डाल के निकले हो क्या?" दादाने घरी येऊन हे आम्हाला हसत सांगितलं. आम्ही कुणी हसलो नाही.

कानाच्या यंत्राचं नाव काढलं की तो म्हणे, "तुम्ही सगळे पुटपुटता."

शेवटी इलाइट चौराह्याजवळ कान तपासतात तिथे मी त्याला जवळजवळ ओढतच नेलं. कानांवर हेडफोन, हातात बटण. आवाज आला की बटण दाबायचं. दादा आयुष्यात एकाही परीक्षेत नापास झालेला नाही. त्याने बटण दाबायचा एक ठेका धरला आणि शेवटपर्यंत सोडला नाही. तपासणाऱ्या मॅडमनी मला बाजूला घेतलं. "दीदी, अंकलजी को तो वो भी सुनाई दे रहा है जो मैंने बजाया ही नहीं."

घरी येताना माझ्या डोक्यात गोऱ्याची कॅसेट आली.

ही कॅसेट घरात आली तेव्हा मी सातवीत होते आणि दादा कॉलेजात. खजुराहोला जायला निघालेला एक गोरा पोट बिघडून झाशी स्टेशनच्या बाकावर आडवा पडला होता. दादाला तो दिसला. दादाने घरून डबा नेला, मऊ भात आणि मेतकूट. संध्याकाळी परत नेला, दुसऱ्या दिवशीही नेला. तिसऱ्या दिवशी गोरा उठून बसला आणि जाताना पिशवीतून ही कॅसेट काढून दादाला देऊन गेला. कुठल्याशा परदेशी रॉक बँडची. तीही तेव्हाच दहा-पंधरा वर्षं जुनी होती.

तिच्यात गाणी अशी थोडीच. गिटार तेल न घातलेल्या दारासारखी कुरकुरे. एक बाई गाण्याऐवजी आकडे म्हणायची, तेही भांडल्यासारखे. एका गाण्यात ठेका धरायला चक्क शिवणाचं मशीन होतं. ड्रम वाजवणारा त्या मशीनच्या मागे मागे चालायचा. मशीन वळणावर हळू झालं की तोही हळू. मग मशीन एकदम थांबे. स्वयंपाकघरातून आई म्हणे, "तुटला धागा." ती लक्ष्मी गेट भागातल्या बायकांचे ब्लाउज शिवायची, तिला बरोबर कळलं होतं. बाकी त्या संगीताबद्दल तिचं मत विचारण्यात अर्थ नव्हता. पण धागा तुटल्यावर जी शांतता पडायची आणि तिच्यात गिटारचा एकच सूर हळूच सुई ओवल्यासारखा यायचा, तेवढ्यापुरती ती हातातली पोळी थांबवायची, हे मी पाहिलेलं आहे.

आमच्या टेपरेकॉर्डरचा पट्टा तुटला तेव्हा बाबांनी त्यांच्या वर्कशॉपमधल्या रबराच्या तुकड्यातून नवा कापून बसवला होता. तो जरासा जाड झाला आणि टेप पळायला लागला. आमच्या घरी सगळंच घाईत वाजायचं. आरत्या कापूर विझायच्या आत संपत. कुणी तक्रार केली तर बाबा म्हणत, "लवकर संपतं ते बरंच आहे. लाइट कधी जाईल सांगता येतं का?"

कॅसेटच्या शेवटी सगळे वाजवणारे उठून जातात. खुर्च्या सरकतात, पावलं लांब जातात. संपलं असं वाटतं, आणि मग कुणीतरी पेल्यात चमचा ढवळून काठावर तीनदा वाजवतं. टिंग, टिंग, टिंग. अगदी बारीक. तो ऐकायला दादा आणि मी टेपला कान लावून बसायचो. जो आधी हलेल त्याला शेजारून बर्फ आणायला जावं लागे.

ही कॅसेट थोर आहे असं माझं म्हणणं नाही. अर्धी तर मी आजही पुढे ढकलीन. पण ज्यांना खुर्ची सरकल्याचा आवाजही जपून ठेवावासा वाटला, ती माणसं मला आवडतात.

कॅसेट आणि टेप दोन्ही कधीच गेले. बँडचं नाव मात्र दादाला पाठ होतं. माझ्या लेकीने ते फोनवर शोधून काढलं, दोन मिनिटं ऐकलं आणि विचारलं, "मम्मी, ये गाना है या घर में मिस्त्री लगा है?" तिला मराठी कळतं, पण मत हिंदीतच देते.

रविवारी दुपारी दादाला बोलावून लावलं. तो लगेच म्हणाला, "ही ती नाही. आपली बाई कुठाय? हा तर पुरुष गातोय."

त्याचं खरं होतं. इतकी वर्षं आम्ही जिला बाई समजत होतो तो एक किरट्या आवाजाचा पुरुष होता. बाबांच्या जाड पट्ट्याने त्याची बाई केली होती. मला हसू आवरेना. पण शेवट आला, चमचा वाजला, आणि दादा ठामपणे म्हणाला, "बघ, चमचापण काढून टाकला. नव्यात सगळं साफसूफ करतात."

मी तो ऐकला होता. पण बाईचा पुरुष झाला होता, तेव्हा दादाच्या म्हणण्याला थोडा आधार होता. आधार काढून घेणं भाग होतं. लेकीला सांगितलं, कंप्युटरवर वेग वाढव, सूरही तेवढाच चढव, आपली बाई परत येईल इतका. तिने कपाळाला हात लावला आणि करून दिलं.

पुढच्या रविवारी बाई परत आली. दादाने डोळे मिटले. मशीन थांबलं तेव्हा तो आईच्या सुरात म्हणाला, "तुटला धागा." एक क्षणही चुकला नाही. त्याला सगळं पाठ होतं, म्हणजे चमच्याच्या वेळीही तो मान डोलवू शकला असता. मला तीच धास्ती होती. त्या मॅडमसमोर त्याने केलं तसं केलं असतं तर माझ्याकडे पुढे काही उपाय उरला नसता.

खुर्च्या सरकल्या. पावलं गेली. चमचा वाजला. दादा गुडघ्यांवर हात ठेवून तसाच, पुढे झुकून वाट बघत राहिला. गाणं संपून फोन गप्प झाला तरी.

मग त्याने माझ्याकडे बघितलं. "वाजला?"

"वाजला."

"तीनदा?"

"तीनदा."

"परत लाव."

परत लावलं. तिसऱ्यांदा त्याने फोन कानाला चिकटवून धरला. मग तो खाली ठेवला आणि म्हणाला, "उद्या त्या मॅडम किती वाजता येतात?"

या वेळी त्याने बटण क्वचितच दाबलं. आठ दिवसांनी यंत्र कानात बसलं. वहिनी बोलायला लागली आणि ती फार बोलते असं त्याचं मत झालं. घरी आल्यावर पहिल्यांदा त्याने गोऱ्याची कॅसेट मागितली, म्हणजे फोन. शेवटपर्यंत ऐकली. चमचा वाजला तसं एक बोट वर केलं, मग दुसरं, मग तिसरं.

मी म्हटलं, "मग?"

"आहे," तो म्हणाला. "पण स्टीलचा वाटतो. आपला पितळेचा होता."

मी वाद घातला नाही. मोठच्या रस्त्यावर मागच्या ट्रकचा हॉर्न त्याला स्टीलचा ऐकू आला तरी माझी हरकत नाही.