विंचू की वृश्चिक

मब्रूका घरसल्ली या बाईला कामावरून कमी केल्याचा मेल माझ्या नावानं गेला. मजकूर यंत्राचा होता, पण खाली सही माझी, हातिमची. त्याची लाज अजून वाटते, आणि त्याहून जास्त चीड येते. म्हणून सांगतो.

बाई दक्षिण ट्युनिशियातल्या देगाश गावची. विसाव्या वर्षी तिथल्या टेलिफोन एक्सचेंजमध्ये लागली. तेव्हा रिसीव्हर उचलला की मब्रूकाचा आवाज यायचा आणि ती हवा तो माणूस जोडून द्यायची. नंबर कुणी सांगतच नसे. "तो दात काढणारा दे," म्हणायचे. "मेहुण्याकडं लाव, पण भांडखोर नव्हे, दुसरा." एकदा एका म्हातारीनं नुसतं "ती आली का?" एवढंच विचारलं. हिनं मुकाट्यानं शेजारच्या तोझर शहराच्या गाडीतळावरच्या चहावाल्याला फोन जोडला. म्हातारीची लेक त्या दिवशी माहेरी येणार हे हिला ठाऊक होतं. लोक काय बोलतात आणि त्यांना काय हवं असतं, यातलं अंतर ओळखण्यात बाईचा जन्म गेला.

निवृत्त झाल्यावर आमची जाहिरात वाचून तिनं अर्ज केला. ट्युनिसमधली आमची कंपनी एका सर्च इंजिनासाठी अरबीचं काम करायची. लोकांनी शोधलेले प्रश्न आणि त्यांवर यंत्रानं काढलेली दहा-दहा पानं आम्ही घरबसल्या काम करणाऱ्या पारखणाऱ्यांकडं पाठवायचो; त्यांची देखरेख माझ्याकडं. प्रश्नाला पान किती लागू पडतं, ते पाहून शून्य ते चार गुण द्यायचे. त्या गुणांवरून यंत्र शिकायचं, कुठलं पान वर आणि कुठलं खाली. एकच प्रश्न तिघांकडं जाई. दोघांचं जुळलं आणि तिसऱ्याचं नाही, तर तिसरा चूक. मत कितीदा जुळतं याचा टक्का प्रत्येकाच्या नावापुढं दिसायचा.

ऑगस्टमध्ये तिच्यासमोर एक प्रश्न आला. आमच्या बोलीतले तीनच शब्द: अक्रब ज़रबत बिंती. विंचवानं माझ्या मुलीला मारलं.

पहिलं पान: 'वृश्चिक राशीची मुलगी प्रेमात कशी वागते?' दुसरं: 'वृश्चिक मुलींना हा महिना कसा जाईल?' विंचवाला आणि राशीला आमच्याकडं एकच शब्द, आणि घड्याळाच्या तासकाट्यालाही तोच. त्यामुळं तिसऱ्या जागी एक घड्याळजी होता. सातव्या जागी इस्पितळाचं पान: चिरा देऊ नका, आवळून बांधू नका, अवयव हलू देऊ नका, ताबडतोब दवाखाना गाठा.

मब्रूकानं पहिल्या सहांना शून्य दिलं आणि सातव्याला चार. शेऱ्यात लिहिलं, "ही बाई राशी विचारत नाही. हिची पोर मरायला टेकलीय."

बाकीचे दोघे पारखणारे दुसऱ्याच देशातले. आमची बोली त्यांना अर्धीच कळायची, आणि एका प्रश्नाला वेळ चाळीस सेकंद. त्यांना 'मुलगी' दिसली, 'अक्रब' दिसला. राशीच्या पानाला त्यांनी चार दिले. दोन विरुद्ध एक. मब्रूका चूक.

असं त्या महिन्यात अनेकदा झालं. तिचा टक्का एकसष्टवर आला आणि यंत्रानं माझ्या नावानं ताकीद पाठवली: 'कृपया प्रश्न काळजीपूर्वक वाचावा.'

दहाव्या मिनिटाला तिचा फोन. "हातिम, तू वाचलायस का तो प्रश्न?"

"मावशी, ते पत्र आपोआप जातं."

"पत्र आपोआप जातं, विंचू आपोआप चावतो, मग तुला पगार कशाचा देतात रे? खुर्ची ऊबदार ठेवायचा?"

"मी वरच्यांशी बोलतो."

"तू राहू दे. मीच येते."

आणि आली. पहाटेची गाडी धरून, सात तास दाटीत बसून, मांडीवर खजुराची पेटी घेऊन. आमचे साहेब नौफल परदेशात शिकून आलेले. माणूस वाईट नव्हता, पण समजावून सांगायची हौस दांडगी. त्यांनी तिला कॉफी मागवली आणि फळ्यावर लिहायला लागले.

"हे बघा मावशी, यंत्र अडाणी असतं. विचारलेले शब्द कुठल्या पानात किती वेळा आलेत, ते बघतं. जो शब्द सगळीकडं सापडतो त्याला किंमत कमी, विरळ शब्दाला जास्त. मग त्या पानाचा पत्ता आणखी किती जणांनी आपापल्या पानांवर दिलाय, ते मोजतं. आणि लोक कशावर क्लिक करतात, ते. 'अक्रब' लिहिणाऱ्या दहातले नऊ राशीवर क्लिक करतात. त्याला यंत्र काय करणार?"

"इस्पितळाच्या पानात 'मारलं' आहे का?"

"नाही. तिथं पुस्तकी शब्द, 'दंश'."

"म्हणजे आईनं पोर मांडीवर घेऊन आधी शब्दकोश उघडायचा?"

नौफल हसले. ती हसली नाही.

"क्लिकचं म्हणालात ना, साहेब. राशी वाचणाऱ्याला वेळ असतो, तो क्लिक करत बसतो. जिच्या पोरीला विंचू चावलाय ती पहिली दोन पानं बघते, फोन फेकते आणि पळते. ती कुठं मोजलीत तुम्ही?"

साहेबांचा खडू थांबला. "न केलेलं क्लिक... ते आम्ही रस नाही असं धरतो."

"रस नाही!" बाई उठूनच उभी राहिली. "पोरीच्या तोंडाला फेस आलेला, आणि तुमच्या दफ्तरी नोंद की आईला रस नव्हता?"

शेजारच्या खोलीतली माणसं दारात येऊन उभी राहिली. मी खाली बघत होतो.

त्या दुपारी नौफलनी मला जुन्या नोंदी काढायला लावल्या. विंचवाचा हाच प्रश्न, थोड्याफार फरकानं, त्या उन्हाळ्यात दोनशे तेरा वेळा विचारला गेला होता. बहुतेक सगळे दक्षिणेतून, जूनपासूनचे. त्यातले एकशे ऐंशीच्या वर काहीही न उघडता बंद झालेले. राशी विचारणारे असं वागत नाहीत. हे आमच्याकडंच पडून होतं. कुणी बघितलं नव्हतं. मीही नाही.

नौफलनी मान्य केलं, ते त्यांच्या बाजूनं सांगायला हवं. 'मारलं' आणि 'दंश' यांची सांगड घातली गेली, आणि आठवड्याभरात इस्पितळाचं पान पहिल्या जागी आलं. तिला म्हणाले, "मावशी, असे आणखी शब्द असतील तर द्या." तिनं घरी जाऊन चारशे ओळींची यादी पाठवली: दक्षिणेतल्या बायका ताप चढला तर काय म्हणतात, पोर विहिरीत पडलं तर काय, दिवस भरायच्या आत कळा लागल्या तर काय. ती यादी जशीच्या तशी यंत्रात गेली. यादीवर तिचं नाव नव्हतं.

नोव्हेंबरात वर्षाचा आढावा निघाला. ज्यांचा टक्का सत्तरच्या खाली, त्यांचं काम बंद. मब्रूकाचा टक्का अजून एकसष्ट, कारण जुने गुण कुणी दुरुस्तच केले नव्हते. जे शून्य बरोबर होतं म्हणून आम्ही यंत्र बदललं, तेच शून्य तिच्या नावापुढं चूक म्हणून उभं होतं.

मी नौफलकडं गेलो. ते म्हणाले, "एकीसाठी नियम मोडला तर उद्या सगळे येतील. आणि गिऱ्हाईक टक्का बघतं, हातिम." मी वाद घातला, पण राजीनामा खिशात घालून गेलो नव्हतो, आणि तसला वाद किती पुढं जातो ते सगळ्यांना माहीत आहे. मेल गेला.

मी तिला फोन केला. शिव्या खायच्या तयारीनं.

"यादी ठेवलीत ना आत?" तिनं विचारलं.

"हो, ती आहे."

"मग ठीक. पण ऐक, मला दया नको दाखवूस. टक्का तुमचा खोटा आहे, आणि तो खोटा आहे हे तुम्हाला कळतंय. कळूनही ठेवलात, याचा मला राग आहे. एक्सचेंजमध्ये चुकीचा नंबर लागला तर मी माफी मागून परत जोडायचे. तुम्ही काय केलंत? ज्या बाईनं चूक दाखवली तिलाच तोडलंत."

आणि तिनंच फोन ठेवला.

त्यानंतर तिनं गावात वेगळंच चालवलं. इस्पितळाचा नंबर घरोघरी जाऊन बायकांच्या फोनमध्ये स्वतः भरून दिला, आणि बजावलं, "आधी हा लाव. मग काय शोधायचं ते शोध." दवाखान्यातली नर्स सांगते, त्या पुढच्या उन्हाळ्यात माणसं लवकर यायला लागली. यंत्रामुळं की मब्रूकामुळं, ते तिला सांगता येत नाही.

गेल्या जुलैत मावशीचा पुन्हा फोन आला. आवाज तोच, तापलेला.

"हातिम, 'फुरसं पायाला लागलं' असं टाकून बघ."

मी टाकलं. साप चावल्याचं विचारलेलं, आणि पहिलं पान चपलांच्या दुकानाचं होतं.

"दिसलं?" ती म्हणाली. "आता नौफलला सांग. आणि या वेळी यादीवर माझं नाव घाला म्हणावं, नाहीतर एक ओळ मिळायची नाही."