दाताने तोडलेला धागा

माझ्या मावशीला शर्टांच्या कारखान्यात सगळे ‘भिंग’ म्हणायचे. एकतीस वर्षं ती तिथे चेकर होती. शिवून आलेला शर्ट उलटा करून बघायचा, चूक दिसली की चिठ्ठी लिहून कॉलरला टाचायची आणि ज्याने शिवला त्याच्याकडे परत पाठवायचा, हे तिचं काम. मशीनवरच्या बायका तिला टरकून असत. तिचं अक्षर मोत्यासारखं होतं आणि त्याचा तिला भारी अभिमान. बोलणी खायचीच तर निदान नीट वाचता यावीत, असं ती म्हणायची.

त्या वर्षी नेहमीच्या परदेशी कंपनीची मोठी ऑर्डर आली आणि मागच्या दाराने टेम्पोतून शिवलेले शर्ट येऊ लागले. हे आपल्या मशीनवरचे नाहीत, हे मावशीने पहिल्याच शर्टाला ओळखलं. धाग्याची टोकं कापलेली नव्हती, दाताने तोडलेली होती. पिंजलेली, लाळेने चिकटलेली. तिला कामचुकारपणाचा मनस्वी तिटकारा. तिने चाळीस शर्टांना चिठ्ठ्या लावल्या: ‘दात खायला असतात. कात्री वापरा.’ पुढच्या आठवड्यात तोच प्रकार, पुन्हा त्याच चिठ्ठ्या.

तिसऱ्या खेपेला तिने टेम्पोवाल्यालाच धारेवर धरलं. तुमच्या ठेकेदाराला एक कात्री परवडत नाही का, म्हणून विचारलं. तो दोऱ्या सोडता सोडता म्हणाला, “होत्या की कात्र्या, बाई. एकीने खिडकीची जाळी कापायला घेतली, तेव्हापासून ठेकेदाराने गोळा केल्या.”

“जाळी कशाला कापायची? दार नाही का?”

“दाराला बाहेरून कुलूप असतं ना.” मग त्याने हवापाण्याचं बोलावं तसं पुढचंही सांगून टाकलं. “आणि तुमच्या चिठ्ठ्या आल्या, की त्या दिवशी त्यांचं जेवण बंद.”

मावशी घरी येऊन ताटावर बसली आणि तशीच उठली. तिने सगळं सांगितलं तेव्हा मला आधी तिचाच राग आला. एकतीस वर्षं शिवण बघितलीस, शिवणारी कधी बघावीशी वाटली नाही का, असं मी तोंडावर बोलले. तिने ताटातलं परत भांड्यात काढून ठेवलं. तिने माझ्याशी भांडायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी ती मॅनेजरकडे गेली. ठेकेदार आणि त्याची माणसं, आपला काय संबंध, असं म्हणून त्याने हात झटकले. वर एक कागद पुढे सरकवला: सगळा माल याच छपराखाली शिवला जातो, खाली मुख्य चेकरची, म्हणजे मावशीची, सही हवी होती. सोमवारी कंपनीचा तपासनीस येणार होता. निवृत्तीला चार महिने राहिलेत, सही करा आणि सुखाने घरी जा, असंही वर ऐकवलं. त्याच्या डोक्यामागे चौकट टांगलेली होती: ‘आमच्याकडे कोणावरही कामाची सक्ती नाही.’ ती काच रोज पुसली जायची. निर्लज्जपणालासुद्धा किती टापटीप लागते!

तपासनीस तरी काय दिवे लावणार होता? दरवर्षी यायचा, आग विझवायचे सिलिंडर मोजायचा, मॅनेजरच्या देखत बायकांना विचारायचा, खूश आहात ना? त्याच्या यादीत मागच्या दाराचा रकानाच नव्हता.

सोमवारी मावशीने सही केली नाही. तिने तपासनिसासमोर बाहेरून आलेला अख्खा माल नापास केला. हा माणूस हलला नाही, तर आपल्या चिठ्ठ्यांनी त्या बायका पुन्हा उपाशी राहणार, हे तिला पक्कं ठाऊक होतं. 

“साहेब,” ती म्हणाली, “चुकलेला माल ज्याने शिवला त्याच्याकडेच जातो, हा आमचा नियम. आता टेम्पो निघेल. त्याच्या मागे चला.”

मॅनेजर हसला. भिंगाला म्हातारपणी भलतंच दिसायला लागलंय, म्हणाला. तपासनिसाने यादी चाळली आणि हे त्यात बसत नाही, असं पुटपुटला.

“मग मी एकटी जाते,” मावशी म्हणाली. “परत आले नाही, तर कुठल्या रकान्यात लिहायचं ते बघून ठेवा.” आणि साठीला टेकलेली ती बाई पदर खोचून टेम्पोत चढली. तेव्हा कुठे तपासनिसाची गाडी मागून निघाली.

टायरच्या गोदामामागे पत्र्याची खोली होती. कुलूप बाहेरून होतं. तपासनिसाने ते डोळ्यांनी पाहिलं आणि पोलिसांना फोन लावला. आत अकरा बायका निघाल्या. त्यांची ओळखपत्रं ठेकेदाराच्या कपाटात होती. ठेकेदाराला बेड्या पडल्या. मॅनेजर मात्र ‘मला कल्पनाच नव्हती’ म्हणून नामानिराळा राहिला. अजून त्याच खुर्चीत बसतो, चौकटीखाली. माझं रक्त अजून उकळतं.

त्या बायका बाहेर उन्हात डोळे मिचकावत बसल्या होत्या. ओठ फाटलेली एक जण मावशीच्या हातातल्या चिठ्ठीकडे बघत होती. तिने विचारलं, “चिठ्ठ्या तुम्हीच लिहायच्या का?”

“हो. मीच.”

“अक्षर छान आहे तुमचं,” ती म्हणाली. “दात खायला असतात. पाठ झालंय आम्हाला.”

त्या दिवसापासून मावशीने हातात पेन धरलेलं नाही. वाण्याची यादीसुद्धा मी लिहिते.