अक्का, टेकड्या सांग

फोन आला तेव्हा मी कणीक मळत होते. डायलिसिसच्या खोलीतली नर्स म्हणाली, "आंटी जी, आप आ जाइए." तेवढ्यावरूनच कळलं, माझा धाकटा भाऊ मधू गेला.

मधू एअर फोर्समधून रिटायर झाला आणि इथेच मोहालीत राहिला. लग्न केलं नाही. आमचे हे गेल्यावर मला कराडहून घेऊन आला, म्हणे भाकरी करणारं माणूस हवंय. घरामागच्या शेडमध्ये तो गाड्यांच्या इलेक्ट्रिकची कामं करायचा. जीव सगळा ऑसिलोस्कोपच्या पडद्यात आणि त्याला जोडलेल्या करंट क्लॅम्पमध्ये. क्लॅम्प म्हणजे मोठा चिमटाच हो. तार कापायची नाही, सोलायची नाही, नुसता तिच्याभोवती लावायचा. आतल्या करंटची लाट पडद्यावर दिसते. बॅटरीच्या तारेला लावला आणि गाडी चालू होऊ न देता नुसता स्टार्टर फिरवला, की टेकड्या उमटतात, एका सिलिंडरची एक. एखादी बसकी दिसली तर समजायचं, तो सिलिंडर कमजोर झालाय.

मग डायबेटिसने त्याची नजर खाल्ली. डॉक्टरांनी हात टेकले. गिऱ्हाइकाला हे कळता कामा नये, एवढाच त्याचा हट्ट. आंधळ्याच्या हातात गाडी कोण देईल? तो चाचपून क्लॅम्प लावायचा, मी पडद्यासमोर स्टुलावर. "अक्का, टेकड्या सांग." मी सांगायचे, एक उंच, दुसरी बसकी. तो लगेच पुढचं विचारायचा, बसकीच्या नंतरची टोकदार की गोल? इथे मराठी कुणाला कळणार? लोकांना वाटायचं, बहीणभाऊ भाजीचं बोलतायत. एक सरदारजी मला बीजी, म्हणजे आई म्हणायचे. बीजी फार बोलतात, अशी तक्रार त्यांनी केली तेव्हा मधू ठसका लागेपर्यंत हसला होता.

गेल्या हिवाळ्यात त्यांचीच गाडी आली. ते आत बसून स्टार्टर फिरवत होते, इंजिन घरघरत होतं आणि पडद्यावर सरळ रेघ. मी तसं सांगितलं. मधूने हाताने पाहिलं, तर चिमट्यात जाणारी आणि येणारी, दोन्ही तारा धरलेल्या. मग एकीचा करंट दुसरीचा खोडून काढतो, उरतं शून्य. एअर फोर्समध्ये याच चुकीला तो नव्या पोरांना उन्हात उभं करायचा. सरदारजी उतरले, स्वतःच एक तार बाजूला काढली आणि हळूच म्हणाले, "कोई गल नहीं, मधू जी," म्हणजे हरकत नाही. त्या मऊ आवाजातच सगळं आलं... त्यांना कळलं होतं. मधूने त्या दिवशी शटर ओढलं ते ओढलंच. पुढे डायलिसिसलाही मुकाट जायचा, मुकाट यायचा.

परवा सरदारजी भेटायला आले. निघताना गाडी धड चालू होईना. मीच शेड उघडली, एकच तार बघून क्लॅम्प लावला, त्यांना स्टार्टर फिरवायला सांगितलं. पडदा उजळला.

"एक उंच," मी मोठ्याने म्हणाले, "दुसरी उंच... तिसरी बसकी." आणि थांबले, तो पुढचं विचारेल म्हणून.

सरदारजींनी खिडकीतून डोकं काढलं. "बीजी, क्या बोला आपने?"

मला ते हिंदीत सांगता येईना.