न बदललेलं इंजिन

हे माझ्या नवऱ्याला माहीत नाही. बहिणीला नाही. जिच्या बाबतीत हे केलं तिला तर नाहीच. एका माणसाला माहीत आहे आणि तो बोलणार नाही. तुम्हाला सांगते आहे, कारण तुम्ही मला ओळखत नाही — ओळखत असता तर मी हे लिहायला बसलेच नसते.

जिंतूरला माझं ड्रायव्हिंग स्कूल आहे. बावीस वर्षं झाली. मास्तर, नर्स, नव्या सुना, पन्नाशीचे शेतकरी — सगळ्यांना मी क्लच सोडायला शिकवलं. शिकवणीच्या गाडीत माझ्या पायाशीही एक ब्रेक असतो. शिकणारा चुकला की मी तो दाबते — इतका अलगद, की त्याला वाटावं गाडी आपणच थांबवली. त्याचा धीर सुटत नाही. या अलगदपणाचा मला अभिमान होता. का नसावा? शिकणाऱ्या माणसाला तो लागतोच.

माझी मुलगी प्रज्ञा शिकत होती तेव्हा मला तो ब्रेक फारसा दाबावाच लागला नाही. तिचे वडील शाळामास्तर, सायकलवर खूश. घरात गाड्यांचं बोलणं आम्हा दोघींचंच. ती पुण्याला नोकरीला लागली, आणि तिथं सेकंडहँड स्पोर्ट्स कार बघायला लागली. एक दिवस फोन आला.

"आई, गिअरची घेऊ का ऑटोमॅटिक? सगळे म्हणायलेत ऑटोमॅटिक जास्त पळती."

खरंच आहे ते. आताच्या चांगल्या ऑटोमॅटिक गाड्या माणसाच्या हातापेक्षा लवकर गिअर बदलतात. पण मी म्हणाले, "ड्रायव्हिंग स्कूलवालीची पोरगी, अन् डावा पाय रिकामा? गिअरचीच घे."

ती हसली. तिला तेच ऐकायचं होतं.

हे मुद्दाम सांगते, म्हणजे तुम्हाला वाटू नये की मी त्या गाडीच्या विरोधात होते. नव्हते. गाडी घरी आली तेव्हा गल्ली जमली होती. दोन दारं, बुटकी, काळीभोर. शेजारचे गंगाधरराव वाकून आत बघत म्हणाले, "प्रज्ञाताई, हिच्यात सोयाबीनचं एक पोतं बी बसना की!" ती म्हणाली, "पोतं नाही बसत काका, पण तुमी बसा. उठवायला मात्र दोघं लागतेल." मी सगळ्यांत मोठ्यानं हसले. माझी मुलगी होती ती.

तिला गाडीत सुधारणा करायच्या होत्या. दक्षिणेत एका ट्रॅकवर हौशी लोकांची शर्यत असते — एकेक गाडी सोडतात आणि घड्याळावर वेळ मोजतात. तिथं तिला उतरायचं होतं. वर्षभर सुट्ट्या साठवल्या होत्या. तिनं वहीत लिहून आणलं होतं — टायर, ब्रेक, सस्पेन्शन, सायलेन्सर, आणि शेवटी इंजिन. आधी थांबणं, मग वळणं, मग पळणं. हा क्रमही तिनं माझ्याकडूनच घेतला होता.

इंजिनाचं काम म्हणजे त्याच्या कॉम्प्युटरमधला प्रोग्रॅम बदलायचा. इंजिन जास्त हवा, जास्त इंधन घेतं, गाडीची ताकद वाढते. पुण्यात हे करणारे ढिगानं. पण तिचा विश्वास एकाच माणसावर — परभणीचे रहीमभाई. माझ्या शिकवणीच्या गाड्या तेच बघतात. लहानपणी ती त्यांच्या गॅरेजात स्टुलावर बसून नटबोल्ट वेगळे करायची. त्यांना ती चाचा म्हणते.

आता — इथवर आले आहे तर सांगून टाकते.

ती येण्याच्या आदल्या दिवशी मी एसटीनं परभणीला गेले. रहीमभाईंना म्हणाले, बाकीचं सगळं करा, चांगलं करा. इंजिनाला हात लावू नका. पण केलं म्हणून सांगा.

ते बराच वेळ पान्यावरचं ग्रीस पुसत राहिले. मग म्हणाले, "ताई, बच्ची कू सीधा बोलो ना. मेरे मुँह से झूट कायकू?"

मी म्हणाले, ती ऐकणार नाही. आणि विचारलं — तुमची मुलगी असती तर? हा प्रश्न विचारला की पुढचा माणूस गप्प होतो, हे मला ठाऊक होतं. म्हणून तर विचारला. त्यांनी पाना खाली ठेवला. शेवटी एवढंच बोलले, "सायलेन्सर बदला तो आवाज मोटा होता. आदमी कू लगता के गाडी भागरी."

तसंच झालं. तिच्यासमोर त्यांनी लॅपटॉप जोडला, पडद्यावर आकडे पळाले. त्यांनी ते फक्त वाचले, बदललं काहीच नाही. इंजिनाची मजुरी घेतली नाही — चाचाकडून भेट, असं सांगितलं. प्रज्ञानं त्यांना वाकून नमस्कार केला. मग मला शेजारी बसवून देवगाव फाट्यापर्यंत गाडी नेली. "आई, कळायलंय का फरक? लय फरक हाय!" आणि मी — मी हो म्हणाले.

भीती होती का? होती. पण ती तिला सांगता आली असती. सांगितली असती तर वाद झाला असता, आणि वादात ती जिंकली असती. म्हणून मी वादच होऊ दिला नाही. याला काय म्हणतात ते तुम्ही ठरवा. मी काळजी म्हणत होते.

ती शर्यतीला गेली. फॉर्मवर तिनं प्रामाणिकपणे लिहिलं — इंजिनात बदल केलेला आहे. त्यामुळे तिला ताकद वाढवलेल्या गाड्यांच्या गटात टाकलं. हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. एवढी गाड्यांतली मी, आणि हे डोक्यात आलं नाही.

ती शेवटून दुसरी आली.

तिथल्या प्रशिक्षकानं तिला सांगितलं, वळणं तू सुरेख घेतेस, पण सरळ रस्त्यावर मागे पडतेस. म्हणजे तिथं तुझा अॅक्सिलरेटरवरचा पाय उचलला जातो. तू घाबरतेस.

ती घरी आली. जेवली नाही. ओट्याला टेकून उभी राहिली आणि म्हणाली, "मी पाय उचलत नव्हते गं. पूर्ण दाबला होता, असंच मला वाटायलं होतं. पण घड्याळ कशाला खोटं बोलंल? म्हणजे मी घाबरते, अन् मला ते कळत बी नाही."

तुम्ही असता तर बोलला असता ना? त्या क्षणी? एक वाक्य पुरलं असतं. मी भाकरी थापत होते. थापत राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती झोपलेली असताना मी तिच्या बॅगेतला निकालाचा कागद काढला. सगळ्या गटांच्या वेळा होत्या त्यावर. तिची वेळ घेतली आणि साध्या, न बदललेल्या इंजिनांच्या यादीवरून बोट फिरवलं. एकदा. मग चष्मा पुसून पुन्हा.

त्या यादीत ती दुसरी आली असती. पहिल्यांदाच उतरलेली मुलगी — दुसरी.

कागद मी घडी करून होता तिथं ठेवला. ती उठली. चहा दिला. कप हातात धरून तिनं विचारलं, "आई, तू इतक्या लोकांना शिकवलंस. खरं सांग. माझ्यात ते नव्हतंच ना?"

मी म्हणाले, "नव्हतं, बाळा. सगळ्यांत नसतं."

हेच सांगायचं होतं. इंजिनाचं नाही — हे. इंजिन मी भीतीपोटी केलं असेल. पण त्या सकाळी कसली भीती होती? ती घरात होती, धडधाकट होती, तिचा कप माझ्या समोर होता. फक्त मी उघडी पडले असते, एवढंच. त्यासाठी मी, तिच्यात जे सगळ्यांत चांगलं होतं, तेच तिच्यात नाही म्हणून तिला सांगितलं.

तिनं मान हलवली. माझ्यावर विश्वास ठेवला.

तिनं गाडी विकायला काढली. पुण्यात कुणी इंजिन तपासेल म्हणून मीच सुचवलं, रहीमभाईंना विकू दे. घेणाऱ्याला त्यांनी खरं ते सांगितलं — इंजिन कंपनीचं आहे, हात लावलेला नाही. तो खूश झाला. खोटं फक्त घरच्या माणसासाठी होतं. किल्ली देताना रहीमभाई मला म्हणाले, "अब तो बोल डालो ताई." मी पर्स उघडून उगाच काहीतरी शोधत राहिले. ते अजूनही माझ्या गाड्या बघतात, कामात कसूर नाही. पण तेव्हापासून त्यांनी मला चहा विचारलेला नाही.

या गोष्टीला सहा वर्षं झाली. प्रज्ञाकडे आता ऑटोमॅटिक गाडी आहे, पांढरी, घरगुती. ऑफिसात तिला वरची जागा देत होते, ती नको म्हणाली. "मला जमंल असं वाटतं, पण माझ्या वाटण्याचं काय खरं," असं फोनवर सहज बोलून गेली. हसत.

गेल्या महिन्यात ती आली होती. आम्ही दोघी परभणीहून येत होतो, ती चालवत होती. पुढं उसाची ट्रॉली होती, बैलगाडीच्या चालीनं. समोरचा रस्ता पार दिसेनासा होईपर्यंत सरळ आणि मोकळा. ती ट्रॉलीच्या मागेच राहिली. एक किलोमीटर. दोन. दोनदा थोडी उजवीकडे निघाली आणि पुन्हा आत आली. मग रस्त्यावरची नजर न काढता तिनं विचारलं, "आई, जाईल का गं?"

मी म्हणाले, जाईल.

तेव्हा गेली.