शाम्बेतने उघडलेला आठवा डबा

शाम्बेतच्या थिएटरात खुर्च्या साठ आणि उन्हाळ्यात माणसं चार. जूनमध्ये सगळं कोक-साय गाव मेंढरांमागे वरच्या कुरणावर निघून जायचं. तरी शाम्बेत नेकटाय बांधायचा, दारात उभा राहून चौघांना छातीवर हात ठेवून आत घ्यायचा आणि तिन्ही घंटा द्यायचा. तिसरी घंटा तर अशी लांबवायचा, जणू आत हजार माणसं श्वास रोखून बसली आहेत.

त्या गुरुवारी सकाळी त्याने फिल्मचा आठवा, शेवटचा डबा उघडला. आत रीळ नव्हतं. वाळवलेल्या दह्याचे गोळे होते, काठोकाठ.

शाम्बेतने वर पाहिलं. समोरच्या भिंतीवर जिल्ह्याच्या कचेरीचं पत्र लटकत होतं: गेल्या वर्षी एक रीळ हरवलं, आणखी एक हरवलं तर थिएटरला कुलूप. आणि फिल्म परत न्यायला लॉरी उद्या संध्याकाळी पाचला येणार होती.

त्याने एक गोळा तोंडात टाकला. मिठाने जीभ चुरचुरली. एवढं मीठ घालणारी बाई अख्ख्या खोऱ्यात एकच होती. त्याने घोड्यावर खोगीर टाकलं.

वरच्या कुरणावर चार सुनांची सासू बुरूल आपा लोकरी नमद्याच्या तंबूबाहेर घोडीचं दूध घुसळत होती. तिने मान वरसुद्धा केली नाही.

"आलास? मला वाटलं कालच येशील."

"आपा, रीळ कुठंय?"

"आधी बस. घोडा बांधतील पोरी."

"माझं थिएटर जाईल, आपा."

"आणि आमचं काय गेलं ते? रविवारी इथं पडदा लावलास. सात भाग दाखवलेस. पडद्यावरच्या त्या पोरीनं घोडा नदीत घातला आणि तुझं यंत्र बंद."

"जनरेटरचं पेट्रोल संपलं, त्याला मी काय करू?"

"काही नको करू. पण पुढच्या महिन्यात येऊन शेवट दाखवतो म्हणालास. फिल्म तर उद्याच चालली. खोटं बोललास की नाही?"

शाम्बेत टायची गाठ चाचपू लागला. तंबूत सुना खिदळल्या.

"पाहुणा अर्ध्या जेवणातून उठायला लागला, तर आपण काय करतो रे?"

"खोगीर लपवतो," शाम्बेत पुटपुटला.

"मग? आम्ही तेच केलं. वर वाटेची शिदोरीपण दिली डब्यात. मीठ बरं होतं ना?"

त्याने वळून पाहिलं. त्याचा घोडाही उघड्या पाठीने चरत होता.

जेवल्याशिवाय सुटका नव्हती. मटण झालं, दुधाचा तिसरा वाडगा झाला आणि शाम्बेतच्या डोक्यात उजेड पडला.

"आपा, मी तुमचं खाल्लं. आता तुम्ही सगळ्या माझ्या पाहुण्या. उद्या दुपारी या. रीळ तुमच्याच हातानं आणा, पहिल्यापासून दाखवतो."

"खुर्च्या आहेत ना पुरेशा? का उभं करशील म्हाताऱ्यांना?"

शुक्रवारी थिएटरसमोर तीस घोडी आली, त्यांवर साठ बायका. आठवं रीळ बुरूल आपाच्या मांडीवर, रेशमी रुमालात गुंडाळलेलं. शाम्बेतने पहिली घंटा दिली, दुसरी दिली. तिसरी काही त्याला लांबवता आली नाही. आत साठही खुर्च्या खरोखरच भरल्या होत्या.

पडद्यावरची पोरगी एकदाची नदीपार झाली. साठ बायकांनी नाकं पुसली. "घोड्याला आता कुणी चारा द्या रे," बुरूल आपा पडद्याला म्हणाली.

पाचला लॉरी आली. ड्रायव्हरने आठही डबे उघडून पाहिले, सही केली आणि निघून गेला.

बायका बाहेर आल्या. तीसच्या तीस घोडी ओळीत उभी होती आणि एकाच्याही पाठीवर खोगीर नव्हतं.

"शाम्बेत," बुरूल आपाने कमरेवर हात ठेवले.

शाम्बेत टाय सरळ करून चहाच्या समोवारात निखारे घालत होता.

"बसा, आपा. चहा होतोय. लॉरीनं नवी फिल्म आणलीय. नऊ डबे आहेत."