निलंगा ते पोलोन्नरुवा, गळ्यात ह्यांचं इष्टलिंग

श्रीलंकेला का निघाले, याचं खरं कारण मी कुणाला सांगितलं नव्हतं. सासरी असलेल्या मुलीला म्हटलं, तालुक्याच्या वाचनालयातल्या पुस्तकात पोलोन्नरुवाचे फोटो पाहिलेत, एकदा डोळ्यांनी बघायचंय. तेही खोटं नव्हतं. सातवीत शाळा सुटली, पुढचं सगळं मी त्या वाचनालयातूनच शिकले. पण खरं कारण माझ्या गळ्यात होतं.

आम्ही लिंगायत. दीक्षेत मिळालेलं इष्टलिंग आमच्या अंगावर जन्मभर असतं. सकाळी डाव्या तळहातावर घेऊन पूजा करायची, मगच अन्न. माणूस गेला की त्याला समाधी देतात आणि त्याचं लिंग त्याच्याच तळहातावर ठेवतात. दोन वर्षांपूर्वी आमचे हे लातूरच्या दवाखान्यात वारले. तपासणीसाठी गळ्यातून काढलेली त्यांची लिंगाची चांदीची डबी माझ्याकडे होती. अंघोळीला जाताना मी माझीही काढली आणि दोन्ही एका रुमालात बांधल्या. एकाच सोनारानं केलेल्या, अगदी सारख्या. समाधीपाशी त्यातली एक उचलून मी विधी करणाऱ्या जंगम महाराजांच्या हाती दिली.

तिसऱ्या दिवशी पूजेला बसले, डबी उघडली. आतल्या लिंगाचा काळा लेप एका बाजूला उडालेला. ते ह्यांचं होतं. माझं त्यांच्या हातात, मातीखाली.

लाजेनं मी कुणाला बोलले नाही. दुसऱ्याच्या लिंगाची पूजा चालत नाही, आणि टाकूनही देता येत नाही. रोज सकाळी डबी उघडायची, बघायची, मिटायची. पोलोन्नरुवाला हजार वर्षांपूर्वीचं शिवमंदिर आहे, आत लिंग आहे पण नेमाची पूजा नाही, असं वाचलं तेव्हा ठरवलं, तिथं ठेवून यायचं.

लातूरचा अठरा जणांचा गट होता, सात दिवसांची सहल. निलंग्याहून बिदरमार्गे हैदराबाद, तिथून चेन्नईला विमान बदलून कोलंबो. व्हिसाचा अर्ज ऑनलाइन भरता येतो, तो मुलीनं भरला. एकट्या माणसाला खोलीचे जास्त पैसे पडतात, हे आधी विचारून घ्या. पलंग मात्र दोनच मिळतात. मी आपली एका कडेला झोपायचे.

पहिला मुक्काम अनुराधपुरा. डोंगराएवढे स्तूप, पांढऱ्या कपड्यांतली माणसं, आणि एका पिंपळाभोवती शेकडो लोक गप्प बसलेले. चपला बाहेर काढाव्या लागतात आणि दुपारी फरशी तव्यासारखी तापते, म्हणून जाड मोजे न्याच. जेवणात भात, नारळाच्या दुधातलं मसुराचं वरण, फणसाची भाजी. शाकाहारी असाल तर नारळाच्या चटणीला विचारल्याशिवाय हात लावू नका, तिच्यात बऱ्याचदा सुका मासा असतो. गाडग्यातलं म्हशीचं दही मात्र पोटभर खा.

गटात उदगीरचे एक धान्याचे व्यापारी आणि त्यांची बायको होती. त्यांना सगळे मामा आणि अक्का म्हणायचे. माथ्यावर जुना किल्ला असलेल्या सिगिरियाच्या उभ्या कातळाखाली मामा कमरेवर हात ठेवून उभे राहिले.

"ह्यो दगड दावायला विमानानं आणलं व्हय? औशाचा किल्ला काय पळून चालला हुता?"

"तुमी औशाला तरी कवा गेलाव?" अक्का म्हणाल्या आणि पायऱ्या चढू लागल्या. बाराशेच्या आसपास पायऱ्या आहेत. मामा खालीच शहाळं पीत बसले.

अक्काही लिंगायत. रोज सकाळी दारावर थाप मारायच्या. "ये की, जोडीनं पूजा करू."

"माझी झाली, अक्का."

"लई लवकर उठायलीस तू."

पाचव्या दिवशी पोलोन्नरुवा. अवशेष लांबवर पसरलेत. सायकली भाड्यानं मिळतात, मी रिक्षा केली. ते देऊळ आमच्या निलंग्याच्या नीळकंठेश्वरापेक्षा लहान, पण छपरासकट शाबूत. घंटा नाही, गर्दी नाही. आत लिंगापाशी कुणीतरी दोन फुलं वाहिलेली. मी डबी काढली, फुलांशेजारी ठेवली आणि वळले.

दारापर्यंत पोचले असेन, तोच राखणदार मागून आला. तोडक्यामोडक्या इंग्रजीत, हातवारे करत म्हणाला, "अम्मा, संध्याकाळी आम्ही इथलं सगळं उचलतो. फुलं, नाणी, सगळं. हे मी कुठं टाकू?"

टाकू हा शब्द ऐकला आणि मी डबी घेतली. मागोमाग आलेल्या अक्का दारातच उभ्या होत्या.

"गळ्यातली डबी हितं काढून ठिवलीस?"

तिथल्या पायरीवर बसून मी सगळं सांगितलं. त्या शेजारी टेकल्या. मग म्हणाल्या, "त्यास्नी ह्या परमुलखात सोडून मोकळी हुणार हुतीस?"

मला राग आला. खरं होतं म्हणून आला.

"जंगमाला सांग," अक्का म्हणाल्या. "रागावला तर रागावू दे. तुझं काय खायलाय त्यो?"

निलंग्याला उतरले आणि दुसऱ्याच दिवशी महाराजांकडे गेले. ते रागावले नाहीत. एवढंच विचारलं, "दोन वर्षं पूजा केली नाहीत?" मी नाही म्हणाले. त्यांनी मला नव्यानं लिंगदीक्षा दिली. शेतातल्या समाधीशेजारी हातभर खड्डा मी स्वतः घेतला आणि ह्यांचं लिंग त्यात ठेवलं. माती लोटायला मला वेळ लागला.

जाणाऱ्यांनी पोलोन्नरुवाला पूर्ण दिवस ठेवावा. सिगिरिया सकाळी लवकर चढावं. मला आता डोळे मिटले तरी ते स्तूप दिसतात, आणि पायाखालचा तापलेला दगड आठवतो. पैसे वाया गेले असं वाटत नाही.

फक्त एक मला तिथं जाईपर्यंत कळलं नव्हतं. दोन वर्षं जिला चूक म्हणत होते, तिच्यामुळे रोज सकाळी ह्यांची डबी उघडायला मिळत होती. आता पूजा अगदी नेमानं होते. माझं लिंग माझं आहे, त्यांचं त्यांच्यापाशी आहे. आणि पूजेला बसते तेव्हा घरात मी खरोखर एकटी असते.